पिकअपच्या मागे चार टनांची बोट

“एवढीशी गाडी एवढं मोठं धूड ओढते तरी कशी?” अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदा गेलेले मराठी आईवडील उन्हाळ्यात हायवेवर हा प्रश्न हटकून विचारतात. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिथे मेमोरियल डेची सुट्टी असते आणि तिच्यापासून बोटींचा हंगाम सुरू झाला असं धरतात. मग मिशिगन-मिनेसोटातल्या तळ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पिकअपची रांग लागते. प्रत्येकीच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर सात-आठ मीटर लांबीची बोट आणि बोटीच्या शेपटाला लटकलेलं इंजिन. बोट गाडीपेक्षा लांब असते, उंच असते आणि पुष्कळदा वजनालाही भारी असते.

प्रश्न रास्त आहे. मात्र या सगळ्या कामात ओढणं हाच सर्वांत सोपा भाग. मागचं वजन पेलणं, ते सरळ रेषेत ठेवणं आणि वेळेवर थांबवणं यात खरी कसोटी लागते.

१. ओढायला जोर किती लागतो?

12 ऑक्टोबर 2012 रोजी लॉस एंजेलिसमध्ये एका टोयोटा टुंड्रा पिकअपने चक्क ‘एन्डेव्हर’ हे अवकाशयान ओढलं. निवृत्त झालेलं हे यान विमानतळावरून कॅलिफोर्निया सायन्स सेंटरमध्ये न्यायचं होतं. वाटेत 405 क्रमांकाच्या हायवेवरचा पूल होता. यान वाहणारी अवजड यंत्रं त्यावर नेता येत नव्हती, म्हणून पुलापुरतं ते एका हलक्या चाकांच्या गाड्यावर ठेवलं आणि पुढे टुंड्रा जोडली. यान आणि गाडा मिळून वजन होतं सुमारे 1,32,000 किलो. टुंड्राची कंपनीने जाहीर केलेली ओढण्याची क्षमता होती सुमारे साडेचार टन.

म्हणजे जवळजवळ तीस पट! कंपनीने याची जाहिरात केली नसती तरच नवल.

यात हातचलाखी काही नव्हती. चाकांवर ठेवलेली वस्तू सपाट जमिनीवर हलवायला तिच्या वजनाच्या मानाने फारच थोडा जोर पुरतो. डांबरी रस्त्यावर रबरी टायर असतील तर दर टनामागे साधारण 12 किलोंचा जोर लागतो. 3,700 किलोंचा बोट-ट्रेलर घेतला, तर 45 किलोंच्या आसपास. दोन धडधाकट माणसं तो सपाट रस्त्यावर ढकलू शकतील. लोखंडी रुळांवर लोखंडी चाकं असली तर हाच आकडा टनामागे दोन किलोंपर्यंत उतरतो. जुलै 2019 मध्ये फोर्डने विजेवर चालणाऱ्या एफ-150 च्या नमुन्याला दहा दुमजली रेल्वे वाघिणी ओढायला लावल्या. वजन दहा लाख पौंडांहून जास्त, म्हणजे साडेचार लाख किलोंच्या पुढे. त्यासाठी प्रत्यक्ष जोर लागला असेल तो नऊशे-हजार किलोंचा. मोटर तो सहज देते.

चढ लागला की चित्र पालटतं. सहा टक्के चढ म्हणजे शंभर मीटर चाललं की सहा मीटर वर. तिथे त्याच 3,700 किलोंच्या ट्रेलरला सपाटीवरच्या 45 किलोंखेरीज आणखी 222 किलोंचा जोर लागतो, आणि पिकअपला स्वतःलाही वर चढायचं असतंच. त्यात वेग वाढला की हवा अडवू लागते. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. या बाबतीत बोट सोयीची, कारण तिचं तोंड निमुळतं असतं. तेवढ्याच वजनाची, खोक्यासारखी सपाट तोंडाची कॅरव्हॅन मागे लावली की पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो.

२. आकडा ठरतो कुठे?

पूर्वी ओढण्याची क्षमता प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवायची. शेजाऱ्याने साडेचार टन म्हटलं की आपण पावणेपाच. फोर्डची एफ-सीरिज, शेव्हरोले सिल्व्हराडो आणि रॅम या तिघांत ही चढाओढ वर्षानुवर्षं चालली. अखेर वाहन अभियंत्यांच्या एसएई या संघटनेने 2008 मध्ये एक सामाईक कसोटी आणली. तिचं नाव जे-2807. टोयोटाने 2011 च्या टुंड्रासाठी ती सर्वांत आधी स्वीकारली आणि त्यापायी स्वतःचेच आकडे खाली आणले. बाकीचे बरीच वर्षं ‘आधी तुम्ही, मग आम्ही’ करत बसले.

या कसोटीतला सर्वांत अवघड भाग ॲरिझोनात आहे. कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणापासून राज्यमार्ग 68 वर 11.4 मैलांचा, म्हणजे सव्वाअठरा किलोमीटरचा चढ आहे. तेवढ्यात रस्ता सुमारे 900 मीटर वर चढतो. हवेचं तापमान निदान 38 अंश सेल्सिअस हवं, गाडीतला एसी पूर्ण जोरावर हवा, आणि मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर असताना गाडीचा वेग ताशी 40 मैलांच्या, म्हणजे 64 किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. इंजिन तापून दिवा लागला की नापास.

याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. पिकअप, माणसं, सामान आणि ट्रेलर मिळून 6,400 किलो धरू. एवढं वजन 900 मीटर वर न्यायला साडेपाच कोटी ज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा लागते, म्हणजे विजेची जवळजवळ 16 युनिटं. ताशी 64 किलोमीटरने हा चढ 17 मिनिटांत संपतो. म्हणजे केवळ वजन वर नेण्यासाठी सतत 75 अश्वशक्ती खर्च होत राहते. टायर, हवा आणि एसी यांचा वाटा निराळा. आजच्या पिकअपला तीनशे-चारशे अश्वशक्ती असते, त्यामुळे 75 हा आकडा किरकोळ वाटेल. अडचण असते ती उष्णतेची. इंजिन आणि गिअरबॉक्समधली उष्णता रेडिएटरने सतरा मिनिटं अखंड बाहेर टाकत राहायची, आणि बाहेरची हवाच भट्टीतल्यासारखी.

कसोटीत आणखीही परीक्षा आहेत: मागे ट्रेलर घेऊन तीस सेकंदांत ताशी 60 मैलांचा वेग गाठणं, बारा टक्के चढावर उभं राहून पुन्हा पुन्हा निघणं. गाडीत माणसं मात्र दोनच आणि प्रत्येकी 68 किलोंची धरली आहेत. हा तपशील पुढे महागात पडतो.

३. जाहिरातीतला आकडा आणि दारावरचा आकडा

एका चौकोनी कुटुंबाने बोट घ्यायची ठरवली असं समजू. पिकअप दारात आहेच, तिची जाहीर क्षमता 5,000 किलो. बोटीच्या माहितीपत्रकात वजन 2,200 किलो दिलंय. मग काळजी कसली?

माहितीपत्रकातलं वजन नुसत्या कोरड्या सांगाड्याचं असतं. त्यावर 300 अश्वशक्तीचं इंजिन, 260 किलो. टाकीत 450 लिटर पेट्रोल. पेट्रोल पाण्याहून हलकं, तरीही 333 किलो. नांगर, दोर, बॅटऱ्या, लाइफ जॅकेटं आणि मासेमारीचं सामान मिळून 200. शिवाय ट्रेलरचं स्वतःचं वजन 700. बेरीज 3,693, म्हणजे 3,700 किलो. माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा दीड टन जास्त, पण पाच टनांच्या आत.

आता ड्रायव्हरचं दार उघडून तिथे चिकटवलेला पिवळा कागद वाचायचा. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक किलोंच्या वर जाता कामा नये. या गाडीला ते 725 किलो आहे. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पिकअपच्या मागच्या बॉलवर, म्हणजे हुकाच्या गोळ्यावर, टेकलेला असतो. इथे तो 370 किलो. हे वजन पिकअप नुसती ओढत नाही, अंगावर पेलते, त्यामुळे ते सामानातच मोजायचं. चार माणसं 300 किलो. हुकाचं लोखंड, बर्फाची पेटी, तंबू आणि बॅगा 90. बेरीज 760.

पाच टनांच्या मर्यादेत तेराशे किलोंची ऐसपैस जागा शिल्लक असताना ही गाडी 35 किलोंनी जास्त भरली आहे. मुलांचे दोन मित्र सोबत आले तर विचारूच नका. अमेरिकेत पिकअपवाल्यांच्या गप्पांत ओढण्याच्या आकड्याची फुशारकी चालते. पिवळा कागद वाचणारे कमी, आणि गाडीचं मागचं बूड रस्त्याकडे झुकलेलं दिसतं ते बहुधा त्यांच्यापैकीच कुणाचं नसतं.

मोठी पिकअप घेतली की हा प्रश्न सुटतो. बाजारात ‘हाफ टन’, ‘थ्री-क्वार्टर टन’ आणि ‘वन टन’ अशा तीन पायऱ्या आहेत: फोर्डच्या एफ-150, एफ-250, एफ-350, तर रॅमच्या 1500, 2500, 3500. ही नावं जुन्या काळच्या भार वाहण्याच्या ताकदीवरून पडली. आजच्या गाड्या त्याहून कितीतरी जास्त पेलतात. सर्वांत वरच्या गाड्यांना मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असतात आणि ट्रेलर मागच्या बंपरखाली न जोडता थेट हौद्यात, मागच्या चाकांच्या वर जोडतात. त्यामुळे भार गाडीच्या टोकावर लोंबकळत नाही.

बोटीच्या वाढीला मात्र रस्त्यानेच लगाम घातलाय. हायवेवर खास परवान्याशिवाय साडेआठ फुटांहून रुंद वस्तू नेता येत नाही. म्हणून ट्रेलरवरून न्यायच्या कितीतरी बोटींची रुंदी बरोबर साडेआठ फूट असते. त्यांचा आकार ठरवताना पाण्याइतकाच डांबराचाही विचार झालेला असतो.

४. वजन कुठे ठेवलंय?

बॉलवर दहावा हिस्सा का? मुळीच नसावा, ट्रेलर आपल्या चाकांवर तोलून राहावा, असं का करत नाहीत?

बैलगाडी हाकणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नसे. पोती मागे जास्त लादली की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढे जास्त लादली की मानेवर दाब येऊन बैल पाय टाकेनासे होतात. म्हणून पोती अशी रचायची की जुवावर थोडा भार राहील, पण बैल दबणार नाहीत. ट्रेलरचं गणित हेच. फरक वेगाचा. बैलगाडी उलाळ झाली तर थांबून पोती पुढे सरकवता येतात. ताशी शंभर किलोमीटरने जाणारा ट्रेलर तेवढी सवड देत नाही.

भार चाकांच्या पुढे असेल, तर वाऱ्याने किंवा शेजारून गेलेल्या कंटेनरच्या झोताने ट्रेलर जरा बाजूला ढकलला गेला तरी मागची चाकं त्याला पुन्हा रेषेत आणतात. भार चाकांच्या मागे असेल, तर बाहेर गेलेलं शेपूट आणखी बाहेर जाऊ पाहतं. मग ते उलट दिशेने येतं आणि तिकडेही जास्तच जातं. यातली घातक गोष्ट अशी की कमी वेगात हे हेलकावे आपोआप विरतात. ताशी सत्तरला सगळं ठीक वाटतं. एका ठरावीक वेगाच्या पुढे मात्र प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, आणि तीन-चार हेलकाव्यांत ट्रेलर पिकअपला फरफटत आडवा करतो. सरकत्या पट्ट्यावर खेळण्यातली गाडी आणि ट्रेलर ठेवून, वजनाचा तुकडा फक्त पुढे-मागे करून हा प्रयोग दाखवतात. ज्याने तो पाहिला तो सामान लादताना पुन्हा आळस करत नाही.

भार पुढे फारच जास्त झाला तरी पंचाईत आहेच. पिकअपचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटतं आणि रात्री हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांत जातात. म्हणून साधारण दहा ते पंधरा टक्के हा मध्यम मार्ग. बोटींच्या ट्रेलरला काही निर्माते थोडं कमीही चालवून घेतात.

बोटीचं सगळ्यात जड अंग म्हणजे शेपटाचं इंजिन. त्यामुळे बोटीच्या ट्रेलरची चाकं मधोमध नसतात, बरीच मागे सरकवलेली असतात. तरीही हुकावर भार कमी पडला, तर ट्रेलरच्या तोंडाजवळचा रहाटाचा खांब, जिथे बोटीचं नाक येऊन टेकतं तो, सोडवून थोडा पुढे बसवतात. बोट चार-सहा इंच पुढे सरकली की काटा बदलतो.

काटा म्हणजे खराखुरा वजनकाटा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. ते पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळी तोलतात. आधी नुसती पिकअप, मग ट्रेलर जोडून. आपल्या उदाहरणातली पिकअप माणसांसकट एकटी 2,740 किलो भरेल. ट्रेलर जोडल्यावर तिच्या चारही चाकांवर 3,110 दिसतील. वजाबाकी 370, तोच हुकावरचा भार. ट्रेलरच्या चाकांखाली उरलेले 3,330. काही डॉलरांचं काम, पण सुट्टीला निघालेल्या माणसाला वाटेत थांबायचा कंटाळा असतो.

५. थांबायचं कसं?

डेव्हिस धरणाचा चढ चढून गेलेल्या गाडीला कधीतरी तो उतरावाही लागतो. चढताना भरलेली ती 16 युनिटं उतरताना उष्णता होऊन बाहेर पडतात. सारा भार ब्रेकवर टाकला तर ते इतके तापतात की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनलाच गाडी धरायला लावायची. घाटातल्या जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा शिरस्ताही तोच. आताच्या पिकअपमध्ये ‘टो-हॉल’चं बटण दाबलं की गिअरबॉक्स हे स्वतःहून करतो.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत 3,000 पौंडांवरच्या, म्हणजे 1,360 किलोंच्या पुढच्या ट्रेलरला ते सक्तीचे आहेत; कॅलिफोर्नियात कॅरव्हॅनसाठी ही मर्यादा 1,500 पौंड आहे. कॅलिफोर्नियात मागे ट्रेलर असेल तर ताशी 55 मैलांच्या पुढे जाताही येत नाही.

सामान्य ट्रेलरला विजेचे ब्रेक असतात. ड्रायव्हरच्या हाताशी त्यांचा छोटा लिव्हर असतो. हेलकावे सुरू झाले की पिकअपचे ब्रेक न दाबता फक्त हा लिव्हर ओढायचा. ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. बोटीचा ट्रेलर मात्र दर खेपेला पाण्यात बुडतो, आणि विजेच्या ब्रेकला ते मानवत नाही. म्हणून तिथे एक वेगळी, विनावीज युक्ती वापरतात. ट्रेलरचं तोंड एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचं असतं. पिकअप मंदावली की मागचा ट्रेलर तिच्यावर रेटतो, नळी आत सरकते, आतला दट्ट्या तेल दाबतो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. जितका रेटा मोठा, तितका ब्रेक घट्ट.

युक्ती झकास आहे, पण तिला दोन खोडी आहेत. पिकअप मागे घेताना नळी आत सरकतेच, आणि ब्रेकला वाटतं की गाडी थांबतेय. त्यावर उपाय म्हणून मागे जाण्याच्या दिव्याची एक जादा तार ट्रेलरपर्यंत नेतात. दिवा लागला की तेलाची वाट बंद होते. दुसरी खोड जास्त गंभीर. या ब्रेकला ड्रायव्हरच्या हाताशी लिव्हर नाही, त्यामुळे हेलकावे सुरू झाल्यावर ट्रेलर एकटा रोखता येत नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, एवढंच हाती उरतं. बोटवाल्यांनी चौथ्या भागातला वजनकाटा इतरांपेक्षा जास्त मनावर घ्यायला हवा, तो यासाठी.

हुक निसटलाच तर शेवटचा आधार दोन साखळ्यांचा. त्या ट्रेलरच्या दांडीखालून फुलीसारख्या एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे खाली पडणारी दांडी रस्त्यात न रुतता त्या फुलीत अडकते.

६. धक्क्यावरची वीस मिनिटं

इथवर सुखरूप आलेली मंडळी धक्क्याच्या उतारावर गोंधळतात. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. जाणकार स्टिअरिंग खालच्या बाजूला, सहाच्या आकड्यापाशी धरायला सांगतात: हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलर जातो, डोक्याला ताप नाही. आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा जास्त छळतो, कारण तो क्षणात काटकोनात वळतो. फोर्डने 2016 च्या एफ-150 पासून यासाठी एक फिरवायची कळ दिली. ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे ती फिरवायची, स्टिअरिंग गाडी सांभाळते.

उतरण्याआधी ट्रेलरच्या दिव्यांची तार काढून ठेवायची, कारण जुन्या पद्धतीचे तापलेले बल्ब गार पाण्यात तडकतात. चाकांच्या बेअरिंगचंही तसंच. लांबच्या प्रवासाने तापलेला त्यांचा पोकळ भाग पाण्यात बुडताच आतली हवा आकसते आणि पाणी आत शोषलं जातं. ग्रीस दुधाळ झालं की ते वाया गेलं. म्हणून थोडा वेळ थांबून चाकं निवू द्यायची. आणि बोटीच्या बुडाचं बूच! घरी पाणी निथळायला काढलेलं ते बूच परत न लावता पाण्यात सोडलेल्या बोटींच्या कथा प्रत्येक तळ्याकाठी ऐकायला मिळतात.

बोट परत वर काढताना परीक्षा पुन्हा वजनाची. धक्क्याचा उतार साधारण बारा ते पंधरा टक्के ठेवतात. पाण्यात असेपर्यंत बोट तरंगते. ट्रेलर वर येईल तसा तिचा पूर्ण भार चाकांवर उतरतो. पंधरा टक्क्यांवर 3,700 किलो म्हणजे 555 किलोंची ओढ, आणि तीही पिकअपची मागची चाकं नेमकी शेवाळावर असताना. हँडब्रेकही मागच्याच चाकांवर लागतो. ती चाकं घसरली की पुढची दोन निमूट मागोमाग जातात, आणि गाडी बोटीच्या मागे पाण्यात. म्हणून ड्रायव्हर उतरण्यापूर्वी टायरखाली लाकडी ठोकळे सरकवायचे आणि वर येताना चारही चाकांना ताकद देणारा खालचा गिअर लावायचा.

७. विजेची पिकअप आणि चार्जिंगची जागा

विजेच्या मोटरला शून्य वेगापासूनच पूर्ण पीळ मिळतो, त्यामुळे धक्क्यावर विजेच्या पिकअपसारखी गाडी नाही. अडचण येते ती लांबच्या वाटेवर. मोठा ट्रेलर मागे लावल्यावर एका चार्जिंगमध्ये कापायचं अंतर जवळपास निम्म्यावर येतं. शिवाय बहुतेक चार्जिंगच्या जागा नाक खुपसून उभं राहण्याच्या मापाने बांधलेल्या आहेत. आठ मीटरची बोट मागे असेल तर ट्रेलर आधी कुठेतरी सोडून यावा लागतो. पेट्रोलपंपासारखं एका बाजूने शिरून दुसरीकडून निघता येईल, अशा जागा आता काही ठिकाणी बांधू लागले आहेत. बोटवाल्यांना नकाशावर आधी त्या शोधाव्या लागतात, तळं नंतर.